शेजारच्या घराची किल्ली

रूथ रेंडेल ही इंग्रज लेखिका तरुणपणी इसेक्समधल्या एका स्थानिक वर्तमानपत्रात वार्ताहर होती. एका टेनिस क्लबाच्या वार्षिक मेजवानीची बातमी तिनं तिथे न जाताच लिहून दिली. अशा समारंभांत काय होतं ते ठरलेलंच असतं: स्वागत, भाषण, टाळ्या, आभार. बातमी छापून आली. त्या रात्री पाहुणा वक्ता भाषण करता करताच मरण पावला होता, तेवढं मात्र बातमीत नव्हतं. कोणी काढून टाकायच्या आत बाईंनी राजीनामा दिला आणि पुढे आयुष्यभर रहस्यकादंबऱ्या लिहिल्या.

रहस्यकथा लिहायला बसलेले आपल्याकडचे बहुतेक जण हीच चूक उलट्या बाजूनं करतात. त्यांच्याकडे मेलेला वक्ता असतो, मेजवानी नसते.

मी हे हवेत बोलत नाही. एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा मी काही वर्षं वाचून देतो आहे. जून उजाडला की गठ्ठा येतो आणि त्यात ‘मानसशास्त्रीय थरारकथा’ असं शीर्षकाखाली स्वतःच लिहून पाठवलेल्या कथा वर्षागणिक वाढतायत. परवा वाचलेली एक सांगतो. नवरा-बायको कर्जतजवळच्या फार्महाउसवर जातात. पाऊस. वीज जाते. बायको गप्प गप्प आहे. नवरा तिच्याशी बोलतो, तिच्यासाठी चहा करतो, तिला शाल देतो. शेवटच्या परिच्छेदात कळतं की बायको तीन वर्षांपूर्वीच वारली आहे आणि नवऱ्याचं मानसिक संतुलन बिघडलं आहे. लेखकाला वाटलं, त्यानं मला धक्का दिला. मला वाटलं, बारा पानं कोणीतरी माझ्या डोळ्यांवर हात धरून ठेवला आणि तेराव्या पानावर तो काढून ‘ओळखा पाहू कोण’ असं विचारलं. हात कोणाचा होता याच्याशी मला काहीच देणंघेणं नव्हतं.

आता तीच गोष्ट पहिल्या ओळीत सांगून टाका. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, तरी हा माणूस दोन कप चहा टाकतो. दुसऱ्या कपाचं तो काय करतो? ओततो, की पितो? उद्या कामवाली मावशी आली आणि सिंकमध्ये दोन कप दिसले, तर तिला काय सांगतो? इथे माझा जीव टांगणीला लागतो. मराठीत ‘सस्पेन्स’ला प्रतिशब्द नाही म्हणून आपण उगाच हळहळतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी टांगणंच आहे आणि आपला वाक्प्रचार तर सांगतो की टांगायचा असतो तो जीव, वाचकाकडून पळवलेली माहिती नव्हे.

रेंडेलबाईंनी 1977 साली ‘अ जजमेंट इन स्टोन’मध्ये हेच टोकाला नेलं. खून कोणी केला, कोणाचा केला आणि का केला, हे तिन्ही त्या पहिल्याच वाक्यात सांगतात. घरकाम करणाऱ्या युनिस नावाच्या बाईनं एका सुखवस्तू कुटुंबातली चार माणसं मारली, कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. संपलं रहस्य. उरलेली कादंबरी कशाला वाचायची? तर स्वयंपाकघरात मालकिणीनं ठेवलेली सामानाची यादी बघून युनिसच्या पोटात जो गोळा येतो, तो आपल्याही पोटात यावा म्हणून. चष्म्याची सबब, हो-हो म्हणून मारून नेलेली वेळ, लाज झाकायला रचलेली एकेक युक्ती. यादी घेऊन वाण्याकडे जाणं हा प्रसंग कोणी थरारक म्हणेल का? इथे तो आहे, कारण याच लाजेपोटी चौघं मरणार आहेत हे आपल्याला ठाऊक आहे आणि त्या घरातल्या कोणालाच ठाऊक नाही. चित्रपट-दिग्दर्शक हिचकॉकनं फ्रान्स्वा त्र्युफोला टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन हेच समजावलं होतं. ते इतक्या वेळा सांगून झालं आहे की इथे पुन्हा सांगत नाही.

म्हणजे सांगून टाकायचं. ही युक्ती म्हणून ऐकायला सोपी आहे, पण माझ्या मते ती युक्तीच नाही. गुन्हेगार कोण ते पहिल्या पानावर सांगितल्यावर उरलेली दोनशे पानं लेखकाला त्याच्याबरोबर राहावं लागतं. त्याच्या घरात, त्याच्या पायात पाय अडकवून. ते आपल्याला जमत नाही, म्हणून आपण लपवतो. धक्कातंत्र हा पुष्कळदा लेखकाचा भित्रेपणा असतो.

राहणं म्हणजे काय, ते अमेरिकन लेखिका पॅट्रिशिया हायस्मिथकडे बघून कळतं. ही 1921 सालची, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थची. तिच्या जन्माच्या काही दिवस आधीच आईवडिलांचा घटस्फोट झाला होता. आठ-नऊ वर्षांच्या वयात तिच्या हाती कार्ल मेनिंजर या मनोविकारतज्ज्ञाचं ‘द ह्यूमन माइंड’ लागलं. आग लावायची ओढ असलेली, चोरीचा मोह न आवरणारी माणसं तिनं त्यात परीकथा वाचाव्यात तशी वाचली. कॉलेज संपल्यावर काही वर्षं कॉमिक्सच्या गोष्टी लिहून पोट भरलं. 1948 च्या डिसेंबरात, नाताळाच्या गर्दीत, ती न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्समध्ये खेळण्यांच्या विभागात कामाला होती. फरचा कोट घातलेली एक बाई आली, बाहुली घेतली, पोचवायचा पत्ता दिला आणि गेली. एवढंच. हायस्मिथ त्या संध्याकाळी घरी गेली आणि तिनं एका अख्ख्या कादंबरीचा आराखडा लिहून काढला. दुसऱ्या दिवशी अंगात ताप होता. कांजिण्या निघाल्या.

ती कादंबरी, ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’, 1952 साली टोपणनावानं आली. दोन स्त्रियांच्या प्रेमाची गोष्ट, त्यात खून वगैरे काही नाही. पण मला त्या कादंबरीहून अधिक महत्त्वाचं वाटतं ते मधल्या काळात घडलेलं. 1950 साली हायस्मिथ गाडी पकडून न्यू जर्सीला गेली आणि त्या पत्त्यावरचं घर शोधायला निघाली. भेटायला नव्हे, नुसतं बघायला. याच वर्षी तिची पहिली कादंबरी ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ बाजारात आली होती, म्हणजे ती लेखिका झालेली होती. तरीही एका अनोळखी बाईच्या रस्त्यावर चोरासारखी फिरली आणि, हे मुख्य, त्या वेळी आपल्या मनात काय काय येऊन गेलं ते तिनं रोजनिशीत लिहून ठेवलं. तिच्या वह्या आणि रोजनिश्या मिळून सुमारे आठ हजार पानं भरतात. मानसिक रहस्यकथेचा अभ्यासक्रम विचाराल, तर तो हा आहे. शवविच्छेदनाचे अहवाल आणि विषांची नावं गूगलवर मिळतात. आपण एका परक्या घराकडे बघत उभे आहोत आणि आपल्याला तिथून निघावंसं वाटत नाही, ही नोंद आपली आपल्यालाच करावी लागते.

तिचा नायक टॉम रिप्ले असाच सापडला. 1952 साली इटलीत पोझितानोला असताना पहाटे सहाच्या सुमारास हॉटेलच्या बाल्कनीतून तिला एक तरुण दिसला. खांद्यावर टॉवेल टाकून समुद्रकाठानं एकटाच चालला होता. तो कोण, ते तिला कधीच कळलं नाही. कादंबरीची पाऊणशे पानं झाल्यावर तिला जाणवलं की लेखन सैल पडतंय, कारण ती स्वतःच आरामात आहे. पानं फेकून दिली आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसून नव्यानं सुरुवात केली, कारण रिप्ले हा खुर्चीच्या कडेवर बसणारा मुलगा आहे. हे तिनं 1966 साली रहस्यलेखनावरच्या आपल्या छोट्या पुस्तकात सांगितलं आहे. नवशिक्यांसाठी म्हणून लिहिलेलं ते पुस्तक फसलेल्या मसुद्यांविषयीही बोलतं. ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले’ला (1955) मिळालेल्या मानपत्राला पुढे बुरशी लागली. ती पुसताना बाईंनी स्वतःच्या नावाआधी ‘मिस्टर रिप्ले आणि’ अशी अक्षरं काढली. पावसाळ्यात कपाटातली प्रमाणपत्रं बाहेर काढणाऱ्या मराठी लेखकाला हा प्रसंग जवळचा वाटायला हरकत नाही.

त्या कादंबरीत एक दृश्य आहे. टॉम श्रीमंत मित्राच्या खोलीत एकटा असताना त्याचे कपडे अंगावर चढवतो, आरशासमोर त्याच्या आवाजात बोलतो आणि तेवढ्यात मित्र दारात उभा. अजून कोणाचाही खून झालेला नाही. पण पुढचे खून वाचताना मला कधी इतका घाम फुटला नाही. कारण खून मी केलेला नाही. दुसऱ्याचा शर्ट मात्र घालून पाहिला आहे.

इथे कोणी म्हणेल, आपल्याकडेही रिप्ले आहे की. आहेच. हायस्मिथच्या कादंबरीनंतर सातच वर्षांनी, 1962 साली, आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ रंगभूमीवर आलं. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे, कधी कॅप्टन, कधी महाराज. नावं बदलून बायकांना फसवणारा हा भामटा प्रभाकर पणशीकरांनी असा उभा केला की प्रेक्षक फसलेल्यांसाठी हळहळायचे आणि टाळी मात्र लखोबाला द्यायचे. फिरत्या रंगमंचावर वेष बदलून तो पुन्हा कधी येतो याची वाट बघायचे. प्रत्यक्ष घडलेल्या खटल्यावरून सुचलेलं हे नाटक आहे आणि ते मला आजही आवडतं. पण एक फरक आहे. लखोबा पहिल्यापासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. साक्षीदार येतात, सांगतात आणि आपण न्यायाधीशाच्या बाजूला बसून ऐकतो. त्याची गंमत वाटते, पण रात्री तो एकटा असताना स्वतःला कोणत्या नावानं हाक मारतो, ते आपण विचारत नाही आणि अत्रे सांगत नाहीत. त्यांना सांगायचंही नव्हतं. ते वेगळं नाटक लिहीत होते.

मला खटकतं ते हे की आपल्या बहुतेक रहस्यलेखनानं हा पिंजरा कायमचा मांडून ठेवला. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयातून आणून, प्रसंगी वर्तमानपत्राचं कव्हर घालून, त्या वाचत वाचत दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लागली. त्यांचं ऋण नाकारणारा कृतघ्न ठरेल. पण त्यांचा नायक झुंजार असो की काळापहाड, नजर पाठलाग करणाऱ्याची. नारायण धारपांनी भीती बाहेरून आत आणली. बँकेत नोकरी करत लिहिणाऱ्या रत्नाकर मतकरींनी ती माणसाच्या आतच शोधली. ‘गूढकथा’ हा शब्द त्यांच्यामुळे घरोघरी पोचला आणि मानसिक रहस्यकथेच्या सर्वांत जवळ मराठीत तेच गेले, असं माझं मत आहे. विजय तेंडुलकरांचं नाव या यादीत कोणी घेत नाही, पण ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची चाल बघा. वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला, प्रेक्षक हसतायत, आणि हसता हसता कळतं की समोर एका बाईची शिकार चालली आहे आणि आपणही हाकाऱ्यांत आहोत. त्या नाटकात न्यायाधीशाची खुर्चीच खोटी आहे.

खुर्चीवरून उठणं हिचकॉकलाही नेहमी जमलं नाही. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’मध्ये गाडीत भेटलेले दोघे एकमेकांचे नकोसे लोक मारण्याविषयी बोलतात. कादंबरीत सज्जन, शिकलेला गाय दबावाखाली का होईना, खरोखर जाऊन खून करतो. 1951 च्या चित्रपटात तो खून करत नाही. शेवटी निर्दोष सुटतो. चित्रपट देखणा आहे, पण कादंबरीचा काटाच काढून टाकलेला आहे. कोणताही माणूस, योग्य दाब मिळाला तर, हे करू शकेल ही हायस्मिथची भीती होती. पडद्यावर ती ‘वाईट माणसाच्या तावडीत सापडलेला चांगला माणूस’ होऊन गेली.

यावर नेहमीचा आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: गुन्हेगाराच्या आत शिरून लिहायचं म्हणजे त्याची तरफदारी करायची का? ज्याचा जीव गेला त्याचं काय? कालच्या बातमीतला खून आज कथेत वापरणाऱ्यांविषयी मलाही हाच राग आहे. ते बळी गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा वापरतात. आणि स्वतःच्या मनाचा तळ बघितला की माणूस सुधारतो, अशीही माझी समजूत नाही. हायस्मिथच उदाहरण आहे. आठ हजार पानं स्वतःला न्याहाळणारी ही बाई उत्तरायुष्यात ज्यूंविषयी विखारी बोलत-लिहीत राहिली. आतलं दिसणं वेगळं, आतलं बदलणं वेगळं. माझं म्हणणं एवढंच आहे की आत न जाता लिहिलेली कथा कोणाचंच भलं करत नाही. बळी गेलेल्याचं तर नाहीच, कारण अशा कथेत तो फक्त प्रेत असतो.

आत न जाण्याची आजची सर्वांत सोपी वाट म्हणजे रोगाचं नाव. ‘स्प्लिट पर्सनॅलिटी’ म्हटलं की संपलं. तिला स्किझोफ्रेनिया म्हणून मोकळं व्हायचं, आणि हे दोन वेगळे आजार आहेत एवढंही तपासायचं नाही. हिचकॉकच्या ‘सायको’च्या शेवटी मनोविकारतज्ज्ञ येऊन सगळं समजावून सांगतो, तो त्या चित्रपटातला सर्वांत निर्जीव भाग आहे. निदान सांगितलं की वाचक सुटला: तो आजारी होता, मी नाही. शिवाय ज्या घरात खरोखर असा आजार आहे, त्या घरातल्या माणसांनी दिवाळी अंक उघडावा आणि दरवर्षी आपलाच माणूस सुरा घेऊन उभा दिसावा, हे निर्दयपणाचं आहे.

आता मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात फुकट असलेल्या एका हत्याराविषयी, कारण त्याकडे फार कमी जण बघतात. ‘मी कप फोडला’ असं आपल्या घरात कोणी म्हणतं का? आपण म्हणतो, ‘कप फुटला.’ फार तर ‘माझ्या हातून फुटला’, म्हणजे जणू हात कोणा दुसऱ्याचा होता. आपल्या क्रियापदांना शेपट्या आहेत आणि त्या शेपट्यांत माणसं लपतात. ‘बोललो’ म्हणणारा वेगळा, ‘बोलून गेलो’ म्हणणारा वेगळा, ‘बोलून बसलो’ म्हणणारा पस्तावलेला आणि ‘बोलून टाकलं’ म्हणणाऱ्याला हायसं वाटलेलं. आता अंथरुणाला खिळलेले वडील घ्या, घरात आई, दोन मुलगे आणि एक सून. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, रात्रीची गोळी दिली होती का? थोरला म्हणाला, ‘द्यायची राहिली.’ धाकटा म्हणाला, ‘राहून गेली.’ सून म्हणाली, ‘मी दिली नाही.’

कथेची सगळी सामग्री इथे आली. पहिल्या दोन वाक्यांत माणूसच नाही. गोळी आपली आपणच राहिली. थोरल्याच्या ‘राहिली’त रोजच्या कामाचा कंटाळा ऐकू येतो. धाकट्याच्या ‘राहून गेली’त हळहळ आहे, आणि ती जरा जास्तच गोड आहे. ‘मी’ म्हणाली ती एकटी सून, आणि सगळे संशयानं तिच्याचकडे बघणार. घरात खरं बोलणारं माणूस दोषी दिसायला लागलं, की मला ना पाऊस लागत ना फार्महाउस. ती सून सासूला रोज ‘आई’ म्हणते, आणि एखाद्या दिवशी नवऱ्याशी बोलताना ‘तुमच्या आई’ म्हणते. या एका ‘तुमच्या’चा आवाज ज्याला दार आपटल्यासारखा ऐकू येतो, त्यानं मानसिक रहस्यकथा लिहावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणा, सीसीटीव्ही आणि लोकेशनमुळे आता गुन्हा लपत नाही, मग लिहायचं काय, अशी तक्रार मी ऐकतो. गुन्हा नाही लपत. ‘राहून गेली’ कोणत्या कॅमेऱ्यात दिसतं?

माझी स्वतःची पुंजी फार नाही, पण जी आहे ती सांगतो. पंचविशीत आम्ही डोंबिवलीला तीन मजली इमारतीत राहत होतो. शेजारचे काका-काकू गणपतीला कोकणात जाताना घराची किल्ली आमच्याकडे ठेवायचे. गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायचं, एवढंच काम. ते माझ्याकडे होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पाणी घालून झाल्यावर मी निघालो नाही. काकांच्या आरामखुर्चीत बसलो. स्टुलावर त्यांचा वाचायचा जुना चष्मा होता, तो डोळ्यांना लावला. ते गेले त्या दिवसाचं वर्तमानपत्र घडी घालून ठेवलेलं होतं, ते उघडलं. अक्षरं अंधूक दिसत होती. कपाट उघडलं नाही, बाकी कशाला हात लावला नाही. नुसता दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याचा चष्मा लावून बसून राहिलो, आणि बरं वाटत होतं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. वर आली, आमच्या मजल्यावर थांबली. आधी चष्मा काढावा हे मला सुचलंच नाही. सुचलं ते वाक्य: ‘तुळशीला पाणी घालायला आलो होतो.’ त्यातला शब्दन् शब्द खरा होता. असं निव्वळ खरं वाक्य खोटं बोलायला वापरता येतं, हे मला त्या क्षणी कळलं आणि खोटं कशाला सांगू, जरा अभिमानही वाटला. पावलं पुढे गच्चीकडे गेली. मी चष्मा होता तसा ठेवला, निदान मला वाटलं होता तसा, कुलूप लावलं आणि घरी आलो.

काका-काकू परत आले. नारळ आणले, खाजा आणला, नेहमीसारखं बोलले. पुढच्या वर्षी किल्ली समोरच्या बिऱ्हाडात गेली. जिन्यात भेटल्या तेव्हा काकू म्हणाल्या, ‘अरे, तुला कशाला उगाच त्रास? कामाच्या गडबडीत पाणी घालायचं राहून जातं एखाद्या वेळी.’

मी एकही दिवस चुकवला नव्हता.